टीएसएच नॉर्मल, तरी बरं वाटत नाही?

थायरॉईडच्या टीएसएच या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडताच आमच्या लॅबच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "नॉर्मल आहे ना?" हो म्हटलं की बहुतेकांना हायसं वाटतं. काहींचा चेहरा मात्र उतरतो. केस गळतायत, दुपार झाली की अंगातलं बळ जातं, वजन हलत नाही, आणि कागदावर सगळं ठीक! हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

रिपोर्टवरची रेंज निरोगी माणसांच्या तपासण्यांवरून ठरते. त्यांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा म्हणजे 'नॉर्मल'. प्रौढांमध्ये टीएसएचसाठी तो साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो. मशीन आणि किटनुसार थोडा बदलतो. म्हणून म्हापशाच्या लॅबमधला जुना आकडा आणि फोंड्यातला नवा यांची काटेकोर तुलना करू नका. गरोदरपणात रेंज वेगळी असते, तेव्हा नाव नोंदवतानाच तसं सांगा.

पट्टा रुंद असला तरी एका माणसाचा टीएसएच त्यात फारसा भटकत नाही. गेल्या वर्षी १.२ होता, यंदा ३.९ आला, तर दोन्ही आकडे नॉर्मलच. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले तर डॉक्टरांना त्यातून काही कळू शकतं. जुने रिपोर्ट टाकून देऊ नका, ते याचसाठी.

आकडा फसवा असू शकतो

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या. थायरॉईडमुळे केस गळतात म्हणून त्या घेतल्या जातात, आणि काही मशीनवर त्याच बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. म्हणजे खरोखर वाढलेला टीएसएचसुद्धा नॉर्मल छापून येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते आधी विचारा.

वेळेचाही फरक पडतो. टीएसएच पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो. वाळपईहून पहिल्या कदंबा बसने येऊन आठ वाजता दिलेलं रक्त आणि संध्याकाळी चारला दिलेलं रक्त सारखं बोलत नाही. दरवेळी शक्यतो सकाळीच या. उपाशी असण्याची गरज नाही, पण फ्री टी-४ (थायरॉईडने बनवलेल्या हार्मोनची तपासणी) करायचा असेल तर थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावरच घ्या.

थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे तपासणी करू नका. औषध शरीरात हळूहळू स्थिरावतं; पंधरा दिवसांत आलेला आकडा अर्धवट असतो.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या किंवा चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. शंभर गोळ्यांची बाटली शेगडीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात तर झाकण घट्ट लावाच, कारण ओल आणि उष्णता या औषधाला सोसत नाही.

पुढे कोणती तपासणी?

टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला धाडलेला निरोप. क्वचित ती ग्रंथीच बिघडते. मग निरोप ठीक दिसतो आणि टी-४ कमी असतो. त्यामुळे त्रास चालूच राहिला तर डॉक्टर एकदा फ्री टी-४ सांगतात. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडवर उलटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी, हीही एकदाच पुरते. 'आम्ही रोज मासे खातो, मग थायरॉईड कसा?' याचं उत्तर बहुधा तिथे सापडतं, कारण इथे आयोडिनची कमतरता हे सहसा कारण नसतं. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. ही तपासणी दरवर्षी करून मात्र काही साधत नाही. रिव्हर्स टी-३ (थायरॉईड हार्मोनच्या निष्क्रिय रूपाची तपासणी) सुद्धा नको. धंदा आमचाच आहे, तरी सांगतो.

त्यापेक्षा फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, बघा. पाळीत रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर थकवा आणि केसगळतीचं कारण तिथेच असण्याची शक्यता मोठी. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ बघा. साखर, ड जीवनसत्त्व, रजोनिवृत्ती, मनाची उदासी, घोरणं आणि तुटक झोप, यांतलं कोणतंही थायरॉईडसारखं भासतं. सगळ्या तपासण्या एकदम करू नका. लक्षणं कधीपासून आहेत ते लिहून डॉक्टरांना दाखवा आणि मग ठरवा.

'अजून पंचवीस मायक्रोग्रॅमची अर्धी गोळी वाढवून बघते' असं स्वतःच्या मनाने नको. जादा डोसने धडधड वाढते, हाडं ठिसूळ होतात. गळ्यावर गाठ जाणवली, आवाज बसलेला राहिला किंवा छाती धडधडू लागली, तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

जुना रिपोर्ट हरवला असेल तर नाव आणि अंदाजे महिना सांगा. इथे केलेला असेल तर शोधून प्रत देऊ.