खालीवर पडणारं पाऊल

तीनतालात मोजतो तशा सोळा मात्रा मोजा, पण टाळ्या द्या 1, 4, 7, 11 आणि 13 वर. पहिल्या खेपेला हात चुकेलच. तीन-चार आवर्तनांनंतर मात्र खांदे आपोआप हलू लागतात. हा क्यूबाचा ‘क्लावे’, साल्सा या नाच-संगीताचा कणा. तीनतालाच्या टाळ्या 1, 5, 13 वर, म्हणजे विभागाच्या तोंडाशी. क्लावेचा दुसरा ठोका पाचव्याची वाट न पाहता चौथ्यावरच येतो. नववी मात्रा दोन्हीकडे टाळीविना. (योगायोगच, उगाच नातं जोडायला नको.)

आता पाय बघा. साल्सा नाचणारे आठ आकडे मोजतात, एकेक आकडा आपल्या दोन मात्रांचा. पावलं 1, 2, 3 आणि 5, 6, 7 वर. 4 आणि 8 ला थांबायचं. हिशेब केला तर क्लावेचे पाचांपैकी तीनच ठोके पावलाबरोबर पडतात. एक दोन पावलांच्या फटीत जातो, तर एक नेमका पाय थांबलेला असताना वाजतो. आणि जिथे क्लावे गप्प, त्या नवव्या मात्रेवर पाऊल ठामपणे पडतं!

माणूस स्वस्थ पडून ताल ऐकत असला, तरी मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधत असतो. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लोकांना फंक संगीतातले ड्रमचे तुकडे ऐकवले. अगदी सरळ ताल किंवा फारच आडवळणी ताल यांपेक्षा मधल्या तुकड्यांवर नाचावंसं जास्त वाटलं. माझ्या मते साल्सा याच मधल्या पट्ट्यात बसतो: अंदाज चुकतो, पण सम हरवत नाही.

या लयीचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडे जातं. क्यूबात गुलामगिरी संपली 1886 मध्ये. हवाना आणि मतान्झासच्या धक्क्यांवरचे हमाल मालाच्या रिकाम्या खोक्यांवर रुंबा (ढोलांच्या तालावरचं नाच-गाणं) वाजवत. क्लावे वाजवायच्या दोन लाकडी कांड्याही जहाजबांधणीच्या खुंट्यांपासून आल्या, असं अभ्यासक फर्नांदो ऑर्तिझ सांगतात. पूर्व क्यूबातल्या ‘सोन’ या संगीतप्रकारात या लयीला स्पॅनिश वळणाच्या तारवाद्यांची जोड मिळाली, 1940 च्या दशकात दृष्टिहीन वादक आर्सेनिओ रोद्रिगेझ यांनी त्यात कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), पियानो आणि जादा ट्रम्पेट आणले.

‘साल्सा’, म्हणजे सॉस, हे नाव रुजलं न्यूयॉर्कमध्ये, 1964 साली निघालेल्या फानिया रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या काळात. तिथल्या काही नर्तकांनी पुढे-मागे जाणारं मुख्य पाऊलच 1 वरून 2 वर नेलं. कोंगाची चापट तिथे पडते.