सायलेन्सरमधले फटाके आणि मिश्रणाचा हिशेब

जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस किंवा पोलो जीटी विकायला काढणारे हल्ली जाहिरातीत लिहितात: 'स्टेज टू, डाऊनपाइप, पॉप्स अँड बँग्स'. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदललंय आणि टर्बोलगतचा एक्झॉस्ट पाइप (डाऊनपाइप) मोकळा केलाय. अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके वाजतात आणि गाडी बघायला आलेला गडी तिथेच विरघळतो. त्या फटाक्यांचा ताकदीशी काडीचाही संबंध नाही. पाय उचलल्यावर एरवी इंजेक्टर बंद होतात. ट्यूनर मुद्दाम पेट्रोल चालू ठेवतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि जळायचं ते एक्झॉस्टमध्ये जळतं. कॅटकॉनची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, सिरॅमिक जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. अर्थात, अशा गाड्यांत ती बऱ्याचदा आधीच काढलेली असते.

खरा प्रश्न हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की गाडी 'रिच', कमी पडलं की 'लीन'. हे ओळखतो एक्झॉस्टमध्ये बसवलेला लॅम्डा सेन्सर. बॉशचा हा सेन्सर 1976 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला. आत झिर्कोनियाची टोपी असते. तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसरीकडे धूर. तीन-साडेतीनशे अंशांपुढे तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकाने व्होल्टेज तयार होतं. रिच असताना सुमारे 0.9 व्होल्ट, लीन असताना 0.1. नव्या गाड्यांतले वाइडबँड सेन्सर 'किती' तेही सांगतात, पण तत्त्व हेच.

गंमत अशी, की या सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही, दिसतो फक्त ऑक्सिजन. नवा डाऊनपाइप बसवताना सेन्सरच्या आधीच्या, इंजिनाकडच्या जोडातलं गॅस्केट नीट बसलं नाही, तर धुराच्या दोन धक्क्यांमधल्या कमी दाबात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर म्हणतो, लीन. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. गाडी प्रत्यक्षात रिच होते, प्लग काळे पडतात, आणि मालक सांगतो, 'पॉवर वाढली ना, मग पेट्रोल पिणारच!' सिलिंडर मिसफायर झाला, म्हणजे त्यातलं मिश्रण पेटलंच नाही, तरी तोच घोळ: न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो.

ही भरपाई 'फ्युएल ट्रिम' म्हणून टक्क्यांत दिसते; अधिक म्हणजे पेट्रोल वाढवलं, उणे म्हणजे कमी केलं. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा साधा ओबीडी रीडर लावा, इंजिन तापू द्या आणि लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने शिकून साठवलेली भरपाई, वाचा. आयडलला +15 आणि 2500 आरपीएमला +3 असेल, तर बहुधा कुठून तरी हवा शिरतेय, इनटेकमधून किंवा एक्झॉस्टच्या जोडातून. थोडासा अधिक आकडा मात्र दोष समजू नका. ई20 पेट्रोलला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) साडेतेराच्या आसपासच हवा लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी ट्यून केलेली जुनी गाडी आपणहून थोडं जास्त इंधन सोडते.

पेट्रोलच्या नळीला बांधलेलं 'मायलेज मॅग्नेट' दिसलं तर हसून सोडून द्या. बंपरवरच्या लिंबू-मिरचीइतकाच त्याचा मिश्रणावर परिणाम होतो. गाडीखाली वाकून कॅटकॉननंतरचा दुसरा सेन्सर तेवढा बघा. तो एखाद्या नळकांड्यावर उंच बसवला असेल, तर कॅटकॉन नसल्याचं कॉम्प्युटरला कळू नये म्हणून केलेली ती सोय आहे.

आणि सगळे ट्रिम तंतोतंत शून्य, रेडिनेस चाचण्या (कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या धूरयंत्रणेच्या तपासण्या) अपूर्ण? मग कुणीतरी नुकतीच मेमरी पुसली आहे. गाडी हायवेवर आणि गर्दीतही पुरेशी चालवून आकडे पुन्हा वाचा, त्याशिवाय टोकन देऊ नका.