नव्वदीतले एक्स-मेन पुन्हा वाचताय? गठ्ठा नंबराने लावू नका

सभासदहो,

२०२४ साली ‘एक्स-मेन ९७’ ही कार्टून मालिका आली, तेव्हापासून आम्ही भाड्याने देतो ते एक्स-मेन या सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे गठ्ठे कपाटात टिकत नाहीत. शाळेत असताना हातात पडेल तो अंक वाचलेली मंडळी आता सगळं पहिल्यापासून वाचायला नेतात. आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आहे, म्हणून हे पत्रक.

आम्ही गठ्ठा देतो तो कथेच्या क्रमाने लावलेला असतो. वरवर पाहिलं तर तो विस्कटलेला वाटतो: ‘अनकॅनी एक्स-मेन’ २९४, त्याखाली ‘एक्स-फॅक्टर’ ८४, मग ‘एक्स-मेन’ १४, मग ‘एक्स-फोर्स’ १६, आणि पुन्हा ‘अनकॅनी’ २९५. घरी गेल्यावर कुणीतरी, बहुधा चांगल्याच हेतूने, हे अंक ‘नीट’ लावतं. चार मासिकांचे चार ढीग होतात, प्रत्येक ढिगात नंबर ओळीने. तसंच वाचलं जातं, आणि मग फोन येतो: “मधले अंक द्यायचे राहिले का हो?”

राहिलेले नसतात. वरचे अंक आहेत ‘एक्स-क्यूशनर्स साँग’ या कथेचे. मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ अशा तारखा, महिन्याला चार मासिकं, तीन महिन्यांत मिळून बारा भाग. पहिल्या भागात सेंट्रल पार्कमधल्या संगीताच्या कार्यक्रमात एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर एक्स यांच्यावर गोळी झाडली जाते, आणि झाडणारा हुबेहूब केबलसारखा, म्हणजे त्यांच्याच बाजूच्या एका हिरोसारखा दिसतो. आता नुसते ‘अनकॅनी’चे तीन अंक एका दमात वाचले, तर तुम्ही पहिला, पाचवा आणि नववा भाग वाचलात. केबल खरोखर फितूर झाला का, हाच प्रश्न या कथेचा कणा आहे. त्याचं उत्तर ज्या भागांत उलगडत जातं, ते तिसऱ्या-चौथ्या ढिगात वाट पाहत पडलेले असतात.

ही मासिकं काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने हे मुद्दाम केलं होतं. एका मासिकाच्या वाचकाला उरलेली तीनही घ्यायला लावायची, हा धंद्याचा हिशोब. पण त्यातून एक वेगळीच मजा तयार झाली, आणि ती क्रमानेच कळते. ‘एक्स-फॅक्टर’ला जे ली यांची काळोखी, सावल्यांनी भरलेली चित्रं, ‘एक्स-फोर्स’ला ग्रेग कापुलो, ‘एक्स-मेन’ला अँडी क्युबर्ट, ‘अनकॅनी’ला ब्रँडन पीटरसन. दर चौथ्या अंकाला कथा त्या काळोखात शिरते आणि बाहेर येते. लहानपणी सुटे अंक वाचताना आपल्यापैकी कुणालाच हे जाणवलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचण्याचं खरं कारण आमच्या मते हेच आहे.

‘फेटल अॅट्रॅक्शन्स’ (१९९३) ही सहा अंकांची कथा, पण सहा वेगवेगळ्या मासिकांत. ‘एक्स-मेन’ २५ मध्ये एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो हा वोल्वरिन या हिरोच्या अंगातून अॅडमँटियम, म्हणजे त्याच्या हाडांवर चढवलेला धातू, ओढून काढतो. तो अंक सगळेच मागतात. पुढे काय झालं ते मात्र ‘एक्स-मेन’ २६ मध्ये शोधतात. ते आहे ‘वोल्वरिन’ ७५ मध्ये, जिथे त्याची नखं मुळात हाडाची असल्याचं पहिल्यांदा कळतं. म्हणून सुटा २५ आम्ही देत नाही. कुणी रागावलं तरी देत नाही. सहाही अंक एकत्र न्या, भाडं एकाच गठ्ठ्याचं लागतं.

सगळ्यात जास्त तक्रारी ‘एज ऑफ अपोकॅलिप्स’ या कथेच्या. ‘एक्स-मेन’ ४१ मध्ये लीजन भूतकाळात जातो, मॅग्नेटोला मारायला निघतो आणि त्याच्या हातून स्वतःचा बापच, म्हणजे झेवियर (प्रोफेसर एक्स), मारला जातो. जग फुटल्यासारखं संपतं. त्यानंतर ४२ उघडावा तर सगळं जागच्या जागी! नंबर सलग, तरी मधलं गायब. १९९५ मध्ये चार महिने नेहमीची मासिकं बंद ठेवून त्यांच्या जागी वेगळ्याच नावांची काढली होती: ‘अॅस्टॉनिशिंग एक्स-मेन’, ‘अमेझिंग एक्स-मेन’, ‘वेपन एक्स’, ‘फॅक्टर एक्स’, ‘जनरेशन नेक्स्ट’ वगैरे. सुरुवातीला ‘एक्स-मेन अल्फा’, शेवटी ‘एक्स-मेन ओमेगा’. हा गठ्ठा जाड आहे, त्यामुळे आम्ही तो दोन भागांत देतो. इथेही महिन्यानुसारच वाचा. सवलत द्यायचीच तर एकट्या ‘जनरेशन नेक्स्ट’ला देऊ. त्याचे चारही अंक सलग वाचले तर क्रिस बाचालो यांची चित्रं अंगावर येतात, आणि शेवट जास्त लागतो.

आता आमची विनंती. प्रत्येक अंकाच्या प्लॅस्टिक पिशवीवर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे: कथेचं नाव आणि भागाचा आकडा. अंक वाचून झाला की त्याच पिशवीत घाला आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवा. बारावा वाचून होईल तेव्हा पहिला आपोआप वर आलेला असेल. पिशव्यांची अदलाबदल झाली की आम्हाला एकेक अंक उघडून पुन्हा लावावा लागतो. एका गठ्ठ्याला सहज तासभर जातो, आणि तोवर पुढचा सभासद काउंटरपाशी उभा असतो. म्हणून परत घेताना आम्ही तुमच्यासमोर क्रम तपासतो. तो तुमच्यावरचा अविश्वास नव्हे.

‘एक्स-क्यूशनर्स साँग’च्या प्रत्येक अंकाबरोबर मूळ एक कार्ड होतं. आमच्या संचात बारांपैकी बाराही कार्डं आहेत, शेवटच्या पिशवीत. मुलांनी बघितली तर हरकत नाही, पण मोजून परत ठेवा. ‘फेटल अॅट्रॅक्शन्स’च्या मुखपृष्ठांवर होलोग्राम चिकटवलेले आहेत. अंक मागे दुमडून धरला की त्याच्या कडा सुटतात. पावसाळ्यात गठ्ठा खिडकीजवळ ठेवू नका, पिना गंजतात आणि मधली पानं डागाळतात.

घरी जुना ‘एक्स-मेन’ नंबर एक आहे, विकत घ्याल का, असंही बरेच जण विचारतात. १९९१ च्या त्या अंकाच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती निघाल्या, त्याही पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी. त्यामुळे त्याला मोठी किंमत येत नाही, हे आधीच सांगतो. विकण्यापेक्षा वाचा. लेखक क्रिस क्लेअरमाँट १९७५ पासून एक्स-मेन लिहीत होते. या नव्या मासिकाचे पहिले तीन अंक लिहून ते बाहेर पडले, आणि जिम ली यांची चित्रं आजही पानभर श्वास रोखून धरतात. तुमच्याकडे एकच मुखपृष्ठ असेल आणि बाकीची जोडून एक सलग चित्र कसं होतं ते पाहायचं असेल, तर आमचा संच दुकानात बसून पाहता येईल. त्याला भाडं नाही.

‘एज ऑफ अपोकॅलिप्स’चा पहिला भाग सध्या बाहेर आहे. नाव नोंदवून ठेवा, परत आला की फोन करू. तोवर ‘लीजन क्वेस्ट’चे चार अंक घेऊन जा, सुरुवात तिथूनच होते: ‘अनकॅनी’ ३२०, ‘एक्स-मेन’ ४०, ‘अनकॅनी’ ३२१, ‘एक्स-मेन’ ४१. याच क्रमाने.