फियाट की ॲम्बॅसॅडर: जुन्या वादामागची हकीकत

फियाट पळायला चपळ, ॲम्बॅसॅडर ओझ्याला दणकट. जुन्या गाड्यांचे दोन शौकीन भेटले की हा वाद आजही निघतोच. पण मुळात सगळा देश या दोन गाड्यांभोवती भांडत बसला, याचं श्रेय गाड्यांना कमी आणि सरकारी धोरणाला जास्त.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८पासून सुटे भाग आणून गाड्या जोडत असे. १९५३ साली सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवा. परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मैदानात मुख्यतः उरले दोघे: सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली कुर्ल्याची प्रीमियर आणि कोलकात्याजवळ उत्तरपाड्याची बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स. मद्रासची स्टँडर्डही होती, पण तिचा जीव लहान.

प्रीमियरने इटलीची फियाट ११०० घेतली. तिच्या आधीच्या फुगीर रूपाला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि तेही प्रेमानं! १९७४पासून हीच गाडी पद्मिनी झाली. उत्तरपाड्याने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७-५८च्या सुमारास ॲम्बॅसॅडर आणली. पुढे दोघींत बदल झाले ते बहुतेक जाळी, दिवे आणि डॅशबोर्डाचे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ॲम्बॅसॅडरचं बरीच वर्षं १४८९. तरी सिग्नल सुटला की फियाट पुढे निघायची, कारण अंगानं हलकी आणि इंजिन हौसेनं फिरणारं. व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास पाच इंचांनी कमी, त्यामुळे गल्लीबोळात वळायला सोपी. म्हणूनच मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीत ती शोभली. ॲम्बॅसॅडर आरामात वेग धरायची, पण सात माणसं आणि टपावर बोचकी घेऊन खड्ड्यांतून कुरकुर न करता जायची. १९८०च्या सुमारास तिला डिझेल इंजिन मिळालं आणि खेपा मारणाऱ्यांचा प्रश्नच मिटला. माझं मत विचाराल तर चालवायला फियाट, मागे बसायला ॲम्बॅसॅडर.

देखभालीत मात्र दोघी सख्ख्या बहिणी. ठिणगीचे पॉइंट घासा, प्लग पुसा, कार्बोरेटर साफ करा, ग्रीस भरा. हे काम तालुक्याच्या मिस्त्रीलाही पाठ. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडली की ड्रायव्हर निवांत उतरायचा, बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचा आणि विडी संपेपर्यंत थांबायचा. तेवढ्यात गाडी सुरू! वर्षानुवर्षं तोच भाग, तेच माप. सुट्या भागांची चणचण नव्हती ती या न बदलण्यामुळेच. ज्याला आपण मागासलेपण म्हणून नावं ठेवली, तेच मालकाच्या पथ्यावर पडलं.

मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली आणि दोघींचा उतार सुरू झाला. पद्मिनी या शतकाच्या तोंडावर थांबली, ॲम्बॅसॅडर २०१४पर्यंत तगली. ही तेरा-चौदा वर्षांची तफावत आज पाळणाऱ्याला जाणवते, कारण ॲम्बॅसॅडरचे भाग त्या मानानं अजून हाती लागतात. फियाटवाल्यांना आधार होता तो टॅक्सींचा. एखादी भंगारात निघाली की दारं, काचा, गिअरबॉक्स मिळून जायचे. २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली, आणि तो झराही आटला.