टॅली सियागंजात, स्क्रीन रामबागेत

इंदूरच्या रामबागेत घरी बसून सियागंजातल्या दुकानाचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चालवता येतं. क्रोममध्ये पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की दुकानातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन समोर. घरच्या लॅपटॉपवर टॅली नसलं तरी चालतं. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मग काम नेमकं होतं कुठे? हा प्रश्न धरून चाललं की या विषयातले अवघड वाटणारे शब्द सोपे होतात.

दुकानातला कॉम्प्युटर हा होस्ट. व्हाउचर तिथेच नोंदलं जातं, डेटा तिथेच राहतो, आणि वेगळी सोय केली नसेल तर प्रिंटही तिथल्याच प्रिंटरमधून निघते. घरचा ब्राउझर हा क्लायंट. त्याच्याकडे येतं ते स्क्रीनचं चित्र, तेही बहुतेक वेळा बदललेल्या भागापुरतंच. त्याच्याकडून जातात कीबोर्डवर दाबलेली बटणं आणि माउसच्या हालचाली.

ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते तो प्रोटोकॉल. विंडोजचा प्रोटोकॉल म्हणजे आरडीपी. तो १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आला. लिनक्सवर व्हीएनसी हा दुसरा प्रोटोकॉल बराच वापरला जातो. ब्राउझरला मुळात यातलं काहीच कळत नाही, म्हणून मध्ये गेटवे, म्हणजे दुभाष्यासारखा प्रोग्राम, लागतो. अपाची ग्वाकामोली हा असाच एक मोफत गेटवे. होस्टशी तो आरडीपीत बोलतो आणि ब्राउझरला वेबसॉकेटवरून चित्र पुरवतो. वेबसॉकेट २०११ मध्ये प्रमाणित झालं. त्यात जोडणी उघडीच राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंना हवं तेव्हा बोलता येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सेशनचा. होस्टवर तुमच्या नावाने चालू असलेलं काम म्हणजे सेशन. एक्सेलची फाइल बंद करायला कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं, तर साध्या टॅबमध्ये ब्राउझर ते स्वतःसाठीच समजतो आणि अख्खा टॅब बंद करतो. घाबरायचं कारण नाही. तुटली ती फक्त जोडणी. विंडोजवर सेशन सहसा चालूच राहतं. पुन्हा लॉगिन केलं की अर्धवट व्हाउचर होतं तसं सापडतं. वीस तारखेला, जीएसटीच्या घाईत, घरची वीज गेली तर हाच मोठा आधार. मात्र काम संपल्यावर नुसता टॅब बंद करणं पुरेसं नाही, होस्टवर साइन आउट करावंच. नाहीतर तिथली मेमरी उगाच अडून राहते.

बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंतचा उशीर म्हणजे लेटन्सी. होस्ट मुंबईच्या क्लाउडवर असला तरी अंतराला फार दोष देता येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इंदूर-मुंबई ६०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. स्क्रीन अडखळत असेल तर आधी घरचा वायफाय तपासा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेटवेचा खर्च वाचवायला काही जण राउटरवर आरडीपीचा ३३८९ हा पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचं क्रमांकाचं दार, थेट इंटरनेटला उघडा करतात. असे पोर्ट शोधत पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. तो पोर्ट बंदच ठेवा, आणि गेटवेवर पासवर्डच्या जोडीला ओटीपी लावा.