चाड्यावरची मूठ आणि पेंटबॉलचा लोडर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळूची पेरणी पाहिली असेल, तर पेंटबॉलच्या बंदुकीवर गोळ्यांचा डबा, म्हणजे लोडर, मधोमध बसवावा की बाजूला, या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. ओटीतली ज्वारी मुठीने चाड्यात सुटते, नळ्यांतून उतरते आणि फणामागे मातीत पडते. पेंटबॉलच्या मार्करवर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुकीवर, लोडर ही ओटी. तिच्यात साधारण २०० गोळ्या मावतात.

सुट्टीला सोलापुरात आलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, लोडर मधोमध बरा की बाजूला?" आम्ही वही घेऊन बसलो.

गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर. एक सुटली की वरची रांग तेवढीच खाली यायची, तीही थांबलेल्या अवस्थेतून. इतकं पडायला गुरुत्वाकर्षणाला सुमारे ०.०६ सेकंद लागतो. म्हणजे नुसत्या वजनावर सेकंदाला सतराच्या वर गोळ्या उतरणं शक्यच नाही, आणि बोल्टच्या, म्हणजे गोळी पुढे सारणाऱ्या दट्ट्याच्या, मागेपुढे होण्यात जाणारा वेळ धरला तर त्याहून बऱ्याच कमी. लोडरमधून बंदुकीत उतरणारी नळी ४५ अंशांत कलती असेल तर गोळी पडत नाही, घरंगळते. मग तोच वेळ ०.०८ सेकंदांच्या पुढे जातो. बाजूने कलती आणलेली नळी मार खाते ती इथे.

दुसरी अडचण लोडरच्या तोंडाशी. तिथे गोळ्या एकमेकींना टेकून कमान धरतात आणि वाट बंद होते. वर आणखी गोळ्या ओतून ती मोडत नाही, उलट वरचा भार तिला घट्ट करतो. गिरणीत धान्य अडलं की गिरणीवाला वरून थाप मारतो ना, तेच काम लोडरमधली छोटी मोटर गोळ्या ढवळून करते. चाड्यावरच्या मुठीसारखी ती सारखी हलत राहते. गोळी उडवणाऱ्या हवेचा दाबही खालून थोडा वर निसटतो आणि उतरणारी गोळी उचलतो, म्हणून गोळ्या ढकलून देणारे लोडर आले.

आता तोल. गोळी सुमारे ३ ग्रॅमची, २०० गोळ्या म्हणजे ६०० ग्रॅम. हा भार बंदुकीच्या नळीच्या मध्यापासून ४ सेंटिमीटर बाजूला टांगला की मनगटाला सतत पीळ बसतो, आणि गोळ्या संपत जातील तसा तो बदलतो. हाताला एका पिळाची सवय होते न होते तोच दुसरा. मधोमध बसवलेल्या लोडरला हा त्रास नाही.

बाजूच्या लोडरचा खरा फायदा एकच, पण मोठा: नेम धरताना डोळ्यासमोर काही येत नाही. शिवाय तो उजवीकडे असेल तर आडोशाच्या डाव्या बाजूने डोकावताना झाकलेला राहतो. उजवीकडून डोकावलात तर मात्र सगळ्यात आधी तोच दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी बंदुकीला गोळी लागली तरी खेळाडू बाद धरतात.

माझा कौल मधोमध, उभ्या नळीचा आणि होईल तेवढा बुटका. पुतण्याने तोच घ्यायचं ठरवलं.

सोलापूरच्या मे महिन्यात मात्र जागेपेक्षा सावली महत्त्वाची. गोळीचं कवच जिलेटिनचं. चाळिशीपारच्या उन्हात ते मऊ पडतं, गोळ्या चेपतात, एकमेकींना चिकटतात. ओलं फडकं गुंडाळू नका, ओलीने जिलेटिन फुगतं. गोळ्या सावलीत, कोरड्या बंद डब्यात ठेवा आणि खेळायच्या वेळीच लोडरमध्ये भरा.