तिवर कुऱ्हाडीने मरत नाही

खारफुटीवरच्या झोपड्या पाडल्याची बातमी ठाण्यात अधूनमधून छापून येतेच. फोटोत जेसीबी, विस्कटलेले पत्रे आणि मागे सुकलेली झाडं. वाचणारा गृहीत धरतो की झोपडीवाल्यांनी झाडं तोडली आणि घरं बांधली. खरं तर बऱ्याचदा झाडाला कुऱ्हाड लागलेलीच नसते.

ओहोटीला ऐरोलीच्या पुलाजवळची खाडी पाहा. तिवर या खारफुटीच्या झाडांभोवती चिखलातून वीतभर उंचीची, बोटाएवढी जाड अशी असंख्य टोकं वर आलेली दिसतील. ती मुळंच आहेत, फक्त आकाशाकडे वाढणारी. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हे आपण शाळेत शिकतो. बागेच्या मातीत हवेच्या पोकळ्या असतात, खाडीच्या गाळात पाणी असतं आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. वरचे काही मिलिमीटर सोडले तर खाली ऑक्सिजन जवळपास नाहीच. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट या क्षारावर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. खाडीवरच्या कुजक्या अंड्यांच्या वासात त्यांचाही वाटा असतो, दर वेळी फक्त गटाराला शिव्या देऊ नका.

या श्वसनमुळांच्या सालीवर बारीक रंध्रं असतात आणि आत स्पंजासारखी पोकळ ऊती. भरतीत मूळ बुडलं तरी रंध्रांतून पाणी आत शिरत नाही. आतला ऑक्सिजन मूळ वापरत राहतं. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळून जातो, त्यामुळे आतला दाब उतरतो. ओहोटी लागून टोकं उघडी पडली, की बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. थोडक्यात, झाडाचा श्वास भरती-ओहोटीच्या तालावर चालतो. १९५५ मध्ये शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी तिवराचा सोबती असलेल्या कांदळाच्या मुळांची रंध्रं ग्रीसने बुजवली, तेव्हा दोनेक दिवसांत आतला ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या आसपास आला.

भराव टाकणारा हेच करतो, ग्रीसऐवजी डेब्रिजने, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याने. आधी भरतीचं पाणी आत आणणारी चर बुजवायची. मग रात्रीचे डंपर. श्वसनमुळं गाडली गेली किंवा साचलेल्या पाण्यात कायमची बुडाली, की झाड उभ्याउभ्या वाळतं. जागा सपाट झाली की साध्या स्टॅम्पपेपरवर खोल्या विकल्या जातात. घेणारं कुटुंब येतं ते सगळ्यात शेवटी आणि जेसीबीसमोर उभं राहतं तेही तेच. डंपरवाला फोटोत नसतो.

गंमत म्हणजे घर आणि झाड या दोन्ही बाजूंचा कायदा राज्यघटनेच्या एकाच कलमावर उभा आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला, मात्र रीतसर प्रक्रियेने हटवण्याची मुभा ठेवली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा त्याच कलमाचा भंग ठरवला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. म्हणजे ठाण्याजवळच्या दिवा किंवा दिघा इथल्या माणसाला पुनर्वसन मागता येईल, पण खारफुटीच्याच जागेवर नाही. बुलेट ट्रेनसाठी मात्र २०२२ मध्ये सुमारे २० हजार खारफुटी तोडायला न्यायालयाची परवानगी मिळाली. सार्वजनिक हिताचा प्रकल्प, हे मान्य. गरिबाचं घर त्या व्याख्येत कधी बसतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

“खारफुटी म्हणजे डासांचं घर” हा समजही भराव टाकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. रोज दोनदा पाणी खेळतं तिथे अळ्या वाहून जातात, मासे खातात. चर बुजवल्यावर जे डबकं उरतं, ते डासांचं खरं माहेर.

भरपाईच्या ‘लाखो रोपां’च्या घोषणांनीही फार हुरळू नये. उघड्या चिखलावर फार खाली रोपं लावली, तर ती जरुरीपेक्षा जास्त वेळ बुडतात आणि त्याच कारणाने मरतात.

झोपड्या पाडून डेब्रिज तसंच ठेवलं, तरी तिवर परतत नाही. तिथे आधी गवत माजतं, मग पुन्हा खोल्या उठतात. घर गेलं आणि झाडही आलं नाही. भराव खरवडून जमीन पूर्वीच्या पातळीला आणली, चर मोकळी केली, तर पुष्कळदा रोपं लावावीही लागत नाहीत, कारण तिवराच्या बिया भरतीबरोबर तरंगत येतात. त्यामुळे पाडकामाच्या आदेशात दोन गोष्टी नावानिशी हव्यात: कुटुंबं जवळपास कुठे जाणार आणि डेब्रिज कोण, कुणाच्या खर्चाने उचलणार. हा खर्च भराव टाकणाऱ्याकडून वसूल व्हावा. डंपरला नंबरप्लेट असते.